तिसरं विचारणं

कारीचा फोन आला तेव्हा लेलंड ओट्याशी उभ्याउभ्याच पावाला लोणी फासत होता. त्याची बायको आर्लिस जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्याला टेबलाशी बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं.

"बाबा, माझ्या गॅरेजला दार बसवून द्याल? शनिवारी?"

"येतो की."

झालं, फोन संपला. शेजारचा ग्लेन तिथेच फुकटची कॉफी पीत बसला होता. त्याचा कप तोंडाशी तसाच राहिला.

"अरे, पोरीने सरळ मागितलं? आणि तूही सरळ हो म्हणालास? हवापाण्याची चौकशी नाही, काही नाही? तब्येती बऱ्या आहेत ना तुम्हा बापलेकीच्या?"

ग्लेनचं काही चुकलं नव्हतं. आमच्या मिनेसोटात माणूस मदत मागत नाही. 'दार हल्ली जरा कुरकुरतंय' असं नुसतं हवेत बोलतो, आणि समोरच्याने ते उचलायचं असतं. उचलून त्याने 'मी येऊ का?' म्हटलं, की पहिल्यांदा 'छे छे, तुम्हाला कशाला त्रास' असं म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'खरंच नको हो, जमेल.' तिसऱ्यांदा विचारलं की मग 'बरं, इतकं म्हणताय तर या.' कॉफीचंही तेच, वड्यांचंही तेच. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा तो हावरट. आणि तिसऱ्यांदा न विचारणारा? त्याच्यासाठी आमच्याकडे शब्दच नाही, कारण तसं कुणी करतच नाही.

लेलंड लोणी फासत राहिला. सहा वर्षांत कारीने त्याच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. नाताळला एक कार्ड यायचं, वाढदिवसाला चार मिनिटांचा फोन. आणि आज मागितलं ते दार, तेही त्याच गॅरेजचं! लेलंडने हातातली सुरी खाली ठेवली आणि त्याच क्षणी ठरवलं, की शनिवारी तिला सांगून टाकायचं. सहा वर्षं पोटात दाबून ठेवलेलं, ग्लेनलाच काय, चर्चच्या पाद्र्यालाही न सांगितलेलं. मग पोरीने माफ करावं, नाहीतर हाकलून द्यावं. पण ती ऐकणार कुठे होती आजवर? आता स्वतःहून बोलावतेय म्हणजे ऐकेल.

लेलंडने एक्केचाळीस वर्षं गॅरेजची दारं बसवली. आजूबाजूच्या तीन परगण्यांत अशी गल्ली नसेल जिथे त्याच्या हातचं दार नाही. कामाला चोख, पण बोलायला महाकंटाळवाणा. गिऱ्हाईक जांभया द्यायचं आणि हा शिडीवरून प्रवचन झोडायचा. "तुम्हाला वाटतं पत्रा वर जातो नि खाली येतो. अहो, सव्वाशे पौंडांचं धूड तुमच्या सात वर्षांच्या पोरीला एका हाताने उचलता येतं, ते कुणाच्या जिवावर? वरच्या या स्प्रिंगच्या. हिच्यात पीळ भरलाय. आणि पीळ कुणाचा सगासोयरा नसतो, कळलं?" मग एकेक नियम. डोळ्यांना चष्मा. शिडी बाजूला, स्प्रिंगच्या समोर कधीच नाही. रुळाला पकड आवळल्याशिवाय पीळ द्यायचा नाही, नाहीतर दार आपोआप वर उसळतं. पीळ द्यायचा तो फक्त सळयांनी, दीड फुटी भरीव पोलादाच्या, भोकात तंतोतंत बसणाऱ्या. एक सळई भोकात घालून पाव फेरा वर न्यायची, तिथे ती धरून ठेवायची, दुसरी पुढच्या भोकात घालायची, तिने भार घेतला की मगच पहिली काढायची. असे तीस पाव फेरे. स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणी स्प्रिंगजवळ दिसला तर लेलंड गिऱ्हाईक बघायचा नाही की पाहुणा बघायचा नाही, सरळ हातातून हिसकावून घ्यायचा.

आणि शेवटचा नियम, अर्ध्या पिळावर गप्पा नाहीत. घराला आग लागली तरी आधी तीस पुरे करायचे, स्क्रू आवळायचे, मग काय ते बोंबलायचं.

आर्लिस म्हणायची, "हा माणूस मेल्यावर वर जाईल आणि आधी स्वर्गाचं दार नीट लटकवलंय का ते बघेल."

असा हा माणूस. आणि त्याचाच जावई गॅरेजच्या दारापायी गेला.

डेरिक गुणी पोरगा होता, उगाच कशाला खोटं बोला. थोडा हट्टी, पण कोणता जावई नसतो? सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी लेलंड त्यांच्याकडे जेवायला गेला होता. जेवता जेवता डेरिक म्हणाला, "लेलंड, मी मोठ्या दुकानातून गॅरेजचं दार आणलंय. सेल लागला होता."

लेलंडचा घास तोंडातच फिरला. एक्केचाळीस वर्षं हाच धंदा केलेला सासरा समोर बसलाय आणि हा पठ्ठ्या खोक्यातलं दार घेऊन येतो! विचारलंसुद्धा नाही. बोलला काहीच नाही तो. आमच्याकडे बोलत नाहीत, नुसते गाजराकडे बघत बसतात. थोड्या वेळाने रीत म्हणून त्याने विचारलं, "बसवायला येऊ का?"

"छे, तुम्हाला कशाला त्रास," डेरिक म्हणाला. अगदी रीतीप्रमाणे.

निघताना कोट चढवता चढवता लेलंडने दुसऱ्यांदा विचारलं. "शनिवारी मी मोकळाच आहे."

"नाही हो, खरंच नको. जमेल मला." हेही रीतीप्रमाणेच.

आमच्याकडे निरोप तीन ठिकाणी होतो, जेवणाच्या टेबलाशी, दाराशी आणि शेवटी गाडीच्या खिडकीशी. डेरिक अंगात नुसता शर्ट घालून पिकअपपर्यंत आला. खिडकीच्या काचेवर हात ठेवून उभा राहिला. हरणांचं बोलला, तळं कधी गोठेल त्याचं बोलला, मग बोलायचं संपलं तरी उभाच राहिला. कशाची वाट बघत होता तो? आंधळ्यालाही दिसलं असतं. लेलंडलाही दिसत होतं. शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण आत कुठेतरी ते खोक्यातलं दार टोचत होतं. विचारू दे की त्याला एकदा स्वतःच्या तोंडाने, जाईल का त्याची जीभ झडून? असं मनात आलं, आणि लेलंड म्हणाला, "बरं मग." आणि काच वर केली. डेरिकने हात काढून घेतला.

शनिवारी डेरिकने दार चढवलं. खोक्यात सळया नव्हत्या. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. एकोणिसाव्या पाव फेऱ्याला तो निसटला, फिरून कानशिलावर बसला, आणि पोरगा शिडीवरून खाली सिमेंटवर पडला. दोन दिवस दवाखान्यात होता. वय तेहतीस.

ते दार उतरवायला लेलंडच गेला होता, दुसरं कोण जाणार? त्याने शिडीवर चढून पाहिलं, तर वरच्या लाकडी तुळईवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. प्रत्येक पाव फेऱ्याला डेरिकने एक रेघ मारली होती. लेलंडने मोजल्या, अठरा. तेवढंच त्याला कळलं होतं, आणि तेही त्याने कुणाला सांगितलं नाही. गॅरेजचं तोंड त्याने प्लायवूडने बंद करून दिलं. त्यानंतर कारीने सहा हिवाळे गाडी बाहेर बर्फात लावली.

ठरल्या शनिवारी सकाळी लेलंड नव्वद मैल गाडी हाकत गेला. पिकअपच्या मागे नवं दार, अंगात इस्त्रीचा शर्ट. दाराच्या कामाला इस्त्रीचा शर्ट! ग्लेन फाटकाशी उभा राहून म्हणाला, "लग्नाला निघालास की काय रे?"

कारी दारातच उभी होती. अडतीस वर्षांची पोर, पण केस आईसारखे पिकायला लागले होते. घरात भिंतींवरच्या तसबिरी उतरवलेल्या होत्या, कोपऱ्यात खोकी रचलेली होती. लेलंडला वाटलं, रंगकाम काढलं असेल. चांगलंय, घराला नवा रंग, गॅरेजला नवं दार. माणूस पुन्हा जगायला लागला की असंच करतो. त्याचं काळीज सुपाएवढं झालं.

दोघांनी मिळून प्लायवूड उतरवलं. सहा वर्षांनी त्या गॅरेजात उजेड आला. सिमेंटवर काही दिसत नव्हतं, तरी दोघंही एका जागेला वळसा घालून चालत होते.

"चष्मा," लेलंड म्हणाला.

"घातलाय."

"नीट घाल. नाकावर शोभेला नाही लावायचा."

कारी किंचित हसली. बाप तसाच होता. खालचा भाग पाणसळ लावून ठेवला, मग दुसरा, तिसरा, चौथा. बिजागऱ्या, चाकं, दोन्ही बाजूंचे रूळ, वरचा दांडा, दांड्यावर स्प्रिंग, दोन्ही टोकांना तारा. कारीचा हात बसत होता. सांगायच्या आधीच ती पुढचा बोल्ट हातात द्यायची. लहानपणी शाळेच्या सुट्टीत ती त्याच्या गाडीत बसून गावोगाव यायची, तेव्हाही अशीच द्यायची. लेलंडच्या मनात चार-पाचदा आलं, आता सांगावं. पण प्रत्येक वेळी काहीतरी हातात असायचं.

दुपारी फक्त पीळ द्यायचा राहिला. लेलंडने रुळाला पकड आवळली, पिशवीतून सळया काढल्या, शिडीचा पाय हलवून पाहिला.

"मी देते," कारी म्हणाली.

"काय?"

"पीळ. मला शिकवा."

 लेलंडला नको म्हणावंसं वाटलं, ओरडून नको म्हणावंसं वाटलं. पण तिने बापाकडे सहा वर्षांत दुसऱ्यांदा काहीतरी मागितलं होतं. त्याने सळया तिच्या हातात दिल्या आणि स्वतः शिडी धरून खाली उभा राहिला.

"डोकं बाजूला. पूर्ण आत घाल. टोकाला लागल्याचा आवाज आला पाहिजे. आला?"

"आला."

"वर ने. धर. दुसरी घाल. आता पहिली सोड. मोठ्याने मोज."

"एक," कारी म्हणाली. मग दोन, तीन. सातव्याला तिला घाम फुटला. अकराव्याला स्प्रिंग करकरली आणि लेलंडने शिडी आणखी आवळली. बाराव्याला कारीची नजर वर गेली आणि ती थांबली.

"बाबा, या तुळईवर रेघा कसल्या आहेत?"

"मोज."

"या त्याच्या आहेत?"

"अर्ध्या पिळावर बोलायचं नाही, कारी. सळई धर. माझ्याकडे बघू नकोस, सळईकडे बघ. बारा झाले. तेरा."

"तेरा," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण हात हलत नव्हते. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. लेलंड देवाला फारसा त्रास देणारा माणूस नव्हता, पण त्या वेळी त्याने दिला. अठरा. कारी क्षणभर तशीच राहिली, दोन्ही सळया दोन मुठींत, डोळे त्या शेवटच्या रेघेवर. मग म्हणाली, "एकोणीस."

तीस झाले. तिने स्क्रू आवळले, सळया काढल्या, आणि वरूनच हात खाली केला. "पेन्सिल."

लेलंडने कानामागची पेन्सिल काढून दिली. कारीने डेरिकच्या रेघांपुढे बारा रेघा मारल्या. सावकाश, एकेक. मग खाली उतरली आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. लेलंड शेजारी उभा राहिला. त्याला जवळ घ्यायचं होतं, पण कसं घेतात ते तो विसरला होता. तो नुसता शिडी धरून राहिला.

तिचं रडं ओसरल्यावर तो म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. त्या रविवारी मी त्याला..."

"दोनदाच विचारलंत," कारी म्हणाली.

लेलंडने शिडीवरचा हात काढला.

"मी खिडकीत भांडी धूत होते, बाबा. मोजत होते. तो आत आला, हात थंडीने लाल झालेले. हसत म्हणाला, तुझ्या बाबांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही, रुसलेत वाटतं. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, मग तूच बसव आणि दाखव त्यांना, फार शहाणे समजतात स्वतःला. असं म्हणाले मी."

"तुझी काही चूक नाही गं. अजिबात नाही."

"तुम्ही असं म्हणू शकता. मला तुमच्याबद्दल तसं म्हणता येत नाही." तिने बाहीने नाक पुसलं. "मला म्हणायचंय. शपथ घेऊन सांगते, सहा वर्षं रोज प्रयत्न केला. तुमचा फोन आला की मला त्या काचेबाहेर उभा असलेला तो दिसतो. तुम्ही काय बोलता ते ऐकूच येत नाही मला."

लेलंडने मान हलवली. तिच्या जागी तो असता तर त्यालाही ऐकू आलं नसतं. सहा वर्षं त्याला वाटत होतं की तिला माहीत नाही म्हणून ती दूर आहे, सांगितलं की सुटेल. ती माहीत असूनच दूर होती.

मग तिने बाकीचं सांगितलं. घर विकलं होतं. घेणाऱ्यांनी अट घातली होती की गॅरेजला दार हवं. ती ऑरेगनला चालली होती, शुक्रवारी सामानाची गाडी यायची होती. खोकी, उतरवलेल्या तसबिरी... रंगकाम म्हणे! लेलंडला स्वतःचीच कीव आली.

"मग पीळ द्यायला कशाला शिकलीस?"

"तिथल्या घरालाही गॅरेज आहे. कधीतरी स्प्रिंग तुटेल. मला कुणाला बोलवावं लागू नये."

लेलंडने रुळावरची पकड काढली. दार अर्ध्यावर उचललं आणि हात सोडला. ते तिथेच थांबलं, वर नाही की खाली नाही. एक्केचाळीस वर्षांत इतकं नेमकं दार दहा-बारा वेळाच जमलं असेल. तो दाराकडे बघतच म्हणाला, "ऑरेगन लांब आहे. मी येतो सोबत. गाडी चालवायला."

"नको, बाबा. कशाला त्रास."

"मला कसला त्रास? मोकळाच तर आहे. तिथलं दारही एकदा बघून घेईन."

"खरंच नको."

लेलंड वळला. चष्मा काढला. सहा वर्षांपूर्वी जो शब्द ओठांवरून परत गेला होता तो आता त्याने बाहेर काढला, मुलीच्या डोळ्यांत बघून.

"कारी, येऊ का मी?"

बाहेर कुणाच्या तरी अंगणात पानं गोळा करण्याचा खसखस आवाज येत होता. कारी शिडीच्या पायरीवरून उठून उभी राहिली.

"नको," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा नको म्हटलेलं लेलंडने जन्मात ऐकलं नव्हतं. यापुढे काय बोलायचं असतं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. त्याने हत्यारं गोळा केली. पिशवी बांधता बांधता थांबला आणि सळया बाहेर काढल्या. हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या, पहिल्या वर्षापासूनच्या.

"या घेशील?"

कारीने एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. पहिल्याच विचारण्याला तिने हात पुढे केले, सळया घेतल्या आणि छातीशी धरल्या.

ती पिकअपपर्यंत आली. लेलंड आत बसला, किल्ली फिरवली. खिडकीची काच अर्धी खाली होती. तिच्या कडेवर तिने हात ठेवला. हवा जड आहे, रात्री बर्फ पडेल, असं काहीतरी बोलली. मग बोलायचं संपलं तरी उभी राहिली.

"जा आता आत, गारठशील," लेलंड म्हणाला.

"हो. तुम्ही काच लावा. वारं आहे."

"लावतो."

तिने हात काढला आणि ती मागे सरकली. लेलंड निघाला. कोपऱ्यावर वळताना त्याने आरशात पाहिलं, तर ती दार खाली ओढत होती, एका हाताने, दुसऱ्या हातात सळया. दार अलगद खाली आलं.

तो गावात पोहोचला तेव्हा बर्फ सुरू झालं होतं. ग्लेन फाटकाशीच होता, त्याला दुसरा उद्योग काय? पिकअप थांबली तसा तो पुढे आला. लेलंडचे कान लालभडक, मांडीवर बर्फ साचलेलं.

"अरे वेड्या, नव्वद मैल असाच आलास? काच बिघडली की काय?"

"नाही," लेलंड म्हणाला. "लावता येईना."